चूक सापडेपर्यंत फिरणारे सर

ज्या माणसाची नक्कल करून मी भर स्टेजवर लोकांना हसवलं, तो माणूस काल गेला.

शौकत सर. तिसगावात खताच्या दुकानाच्या वर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन कॉम्प्युटर, आम्ही वीस-बावीस पोरं-पोरी, आणि लाईट आली तर आली.

लाईट नसली तरी क्लासला सुट्टी नसायची. प्रोग्राम वहीत लिहायचा. मग सर उभे राहायचे.

"आता मी कॉम्प्युटर हाय. एकेक लाईन वाच, मी तसं करतो."

आपण वाचायचं, सर करायचे. तीन पावलं चाला म्हटलं की मोजून तीन पावलं.

थांबायची अट लिहायला आपण विसरलो की सर बाकाभोवती फिरत राहायचे. फिरतच राहायचे. लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय ओढत चालायचे.

"सर, बसा ना आता."

"थांबायचं कुठं, हे तू लिवलंच न्हाईस. कॉम्प्युटर सोताच्या मनानं थांबत नसतो. चूक शोध, मग बसतो."

त्यांचा पाय दुखायच्या आत चूक सापडावी म्हणून आम्ही जीव तोडून वही वाचायचो. आज मी ज्याच्यावर पोट भरतो, ते सगळं तिथे शिकलो.

दोन वर्षांपूर्वी नगरला डेव्हलपर लोकांचा मेळावा होता. रविवारी, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. माझा आयुष्यातला पहिला टॉक. पोस्टर मी आठवडाभर आधीपासून स्टेटसला लावून बसलो होतो.

माझ्या पहिल्या स्लाईडवर सरांचं नाव होतं आणि खाली आभार.

ती स्लाईड मी आदल्या दिवशी काढून टाकली. पुण्याहून मोठ्या कंपन्यांतली मंडळी बोलायला येणार होती. त्यांच्यापुढे खताच्या दुकानावरचा क्लास मला गावठी वाटला. हे लिहितानाही लाज वाटतेय, पण तसंच झालं होतं.

टॉक सुरू झाला. पाच मिनिटांत कळलं की कोणी ऐकत नाहीये. निम्मा हॉल मोबाईलमध्ये. मी स्लाईड भराभर पुढे ढकलत होतो.

आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या गावात एक सर होते. लाईट गेली की ते स्वतःच कॉम्प्युटर व्हायचे."

हॉल हसला. पहिल्यांदा सगळ्यांनी माना वर केल्या.

मला चेव आला. मी टेबलाभोवती फिरून दाखवलं.

मग लंगडून दाखवलं.

हे आधी ठरवलेलं नव्हतं. पण लोक हसत होते, म्हणून मी आणखी एक फेरी मारली.

त्या फेरीत मला शेवटच्या रांगेत सर दिसले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. तेही हसत होते. बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा हसत होते.

पुढे मी काय बोललो ते आठवत नाही. टाळ्या पडल्या होत्या.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले.

"करंजी घाटात एसटी अडकली, न्हाईतर सुरुवातीपासून ऐकलं असतं. झकास बोललास. जरा घाई करतोस, बाकी झकास."

तेवढ्यात आयोजकांपैकी एकाने मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

सर शेजारीच उभे होते. हातात चहाचा कागदी कप.

त्यांच्या पिशवीतून नारळाचा आकार दिसत होता. कार्यक्रमाला येताना माणूस नारळ कशासाठी आणतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तो नारळ त्यांनी बाहेर काढला नाही.

"चारची एसटी हाय," म्हणाले, आणि गेले.

फोन करून माफी मागायची, असं मी दोन वर्षं ठरवत होतो. ईदला नुसतं स्टिकर पाठवलं. माझ्या प्रत्येक पोस्टला त्यांचा अंगठा यायचा आणि मी पुन्हा पुढच्या रविवारवर ढकलायचो. फोन करून सांगणार तरी काय होतो? सर, तुम्ही तिथे नाही असं समजून मी तुमची नक्कल केली?

काल दुपारी मातीला गेलो. नंतर सरांच्या घरी गेलो तेव्हा त्यांची मुलगी शबाना बाहेर आली.

"नगरला भाषण केलं ते तुमीच ना? अब्बा सगळ्यांना सांगायचे. येवढ्या मोठ्या लोकांत माझ्या विद्यार्थ्यानं माझी आठवण काढली म्हनून."

आत जाऊन तिने एक शाल आणली. प्लास्टिकचं कव्हरसुद्धा काढलेलं नव्हतं.

"ही तुमच्यासाठी घेतल्ती त्यांनी. गर्दीत द्यायची राहिली म्हनायचे."

सरांना काही कळलंच नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालू शकलो असतो. पण पोराची चूक कुठल्या ओळीत आहे हे वही न बघता ओळखणारा माणूस होता तो. त्यांना सगळं कळलं होतं. घरी येऊन त्यांनी माझी बाजू सावरून घेतली.

मग शबानाने विचारलं, "अब्बांचं नाव घेतलं व्हतं ना तुमी तिथं?"

मी म्हणालो, "हो."

शबाना, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचेलच. मी काल तुझ्या दारात उभा राहून खोटं बोललो. मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची लाज वाटली होती, आणि नक्कल करायची वाटली नव्हती.

ती शाल माझ्याकडे आहे. अंगावर घ्यायची हिंमत नाही.

आज नाव घेतो. सगळ्यांसमोर घेतो.

शौकत इस्माईल मणियार, तिसगाव. माझे सर.

त्यांना मान खाली घालून माझी श्रद्धांजली.

चूक सापडली, सर. बसा आता.