टेकून बस

अमरावतीच्या कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि माझे पाय घरात ठरेनात. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या बाबांनी शेजारच्या शिंप्याची खुर्ची मागून आणली. मी बसलो की ते खेकसत, "काठावर कावून बसून राहिला? उठून पयाचं हाय काय? टेकून बस."

मॅट्रिक झालो मी आणि बसायला शिकवणार हे, म्हणून मी चिडायचो. पण टेकायचो.

कचेरीत साहेब "बसा" म्हणाले. मी ऐसपैस टेकलो आणि भीती पळाली. उत्तरं धडाधड येत गेली.

घरी येताच बाबांना त्याच खुर्चीत बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ते हसत ऐकत होते, खुर्चीच्या अगदी काठावर बसून.