ग्रहणात न कापलेला अमीबा

पेशीनं किती वाढायचं आणि कधी दुभंगायचं, हे तिला कोण सांगतं? ठाण्यातल्या माझ्या निवृत्त सरांना या प्रश्नानं पछाडलं होतं. डोळे अधू झाले तसा त्यांनी आपला पितळी सूक्ष्मदर्शक माझ्या हवाली केला. मी तेव्हा कल्याणला शाळेत शिकवायचो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायचो. यातलं पहिलंच खरं होतं.

प्रयोग साधा. डोंबिवलीच्या तळ्यातला एक अमीबा बशीत पाळायचा आणि काचेच्या बारीक सुईनं रोज त्याचा लचका तोडायचा. पुरता वाढूच दिला नाही, तर दुभंगेल का? आमच्या दोन खोल्यांत, लोणच्याच्या बरणीशेजारी, तो महिनाभर एकटाच राहिला. तो रोज वाढायचा, मी रोज कापायचो.

मग सूर्यग्रहण आलं. बायकोला सातवा महिना होता. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलेलं. ग्रहण सुटेपर्यंत गरोदर बाईच्या घरात काही चिरायचं नाही, म्हणून विळीसुद्धा उचलून ठेवलेली. मी सुई घेतली.

"अहो, आज नको."

"अगं, धड डोळ्याला न दिसणारा जीव तो! त्याला कसलं ग्रहण?"

"त्याला नसेल. मला आहे."

वर्गात अंधश्रद्धेवर तास तास बोलणारा मी, मुकाट्यानं सुई खाली ठेवली. वर तिच्याखातर ठेवल्याचा आव आणला. खरं तर भ्यालो होतो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत दोन अमीबा.

ठाण्याला पोचेपर्यंत मी थाप जुळवली. "सर, सुई मोडली."

"मग दुसरी का नाही ओढलीस?"

काच तापवून सुई ओढायला मला त्यांनीच शिकवलं होतं. दोन मिनिटांचं काम. मग सगळं सांगून टाकलं. सरांनी मला प्रयोगाची वही उघडायला लावली.

"अरे गाढवा, रोज कापून तो दुखावलाय म्हणून दुभंगत नाही, असंही कुणी म्हटलं असतं. सोडल्याबरोबर दुभंगला, म्हणजे धड होता. वाढ पुरी व्हायची वाट बघत होता. लिही वहीत. कारणासकट."

मी लिहिलं, 'घरी ग्रहण पाळलं. कापला नाही.'

"तू भ्यालास, तेही लिही."

तेही लिहिलं. कधी दुभंगायचं हे अमीबाला कोण सांगतं, ते मात्र सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या पानावर खाली जागा उरली होती. दोन महिन्यांनी तिथं मी आणखी एक नोंद केली, 'मुलगी. रडली.'