आत्याबाईंची शिवी

नवऱ्याला विहिरीतून काढून बाजेवर ठेवलं, तेव्हा आत्याबाईंनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "सरू, पानी पी," म्हणाल्या. माझं नाव त्यांच्या ध्यानात आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमचं गाव वडवणीच्या अलीकडं. दुष्काळात विहीर आणखी खोल करताना दरड कोसळली आणि त्यांचा एकुलता एक मुलगा गेला.

त्यांच्या तोंडात एकच हाक होती, रांडे. मला, शेजारणीला, लाथ मारणाऱ्या गायीलासुद्धा. "ऊठ रांडे, उन्हं वर आली." त्यात राग नसायचा. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या. भाकरी करपली की स्वतःलाच म्हणायच्या, "रांडे, ध्यान कुठं हाय तुजं?" पण बाजेच्या त्या दिवसापासून माझ्यापुरता हा शब्द बंद झाला. शेजारणीला दिवसभर मिळायचा, मला नाही. माझ्या बाबतीत तो खरा झाला होता म्हणून असेल.

गावच्या दूध संस्थेचा चारा फक्त सभासदांच्या जनावरांना मिळायचा. आमच्यातला सभासद नवरा होता. ती जागा चुलत दिराला हवी होती. आमची एकच गाय, तिच्या दुधावरच चूल पेटायची. चारा तुटला की ती बाजारात जाणार.

संस्थेच्या बैठकीत चेअरमन लई अदबीनं बोलले. तेव्हा विधवेला मानानं गंगा भागीरथी म्हणायचे. "गंगा भागीरथी सरूबाईंनी चार गड्यांत येऊन बसणं शोभत न्हाई. दिरालाच सभासद करू. बाईंचाच मान राहील."

आत्याबाई दाराशी बसल्या होत्या, त्या उठल्या. "ए रांडेच्या, तोंडात गंगा अन् डोळा माज्या सुनंच्या गायीवर?"

"आत्या, शिव्या देऊ नका. सभा हाय."

"मंग तू तिला गंगा म्हनू नको. घागरभर पानी न्हाई घरात, म्हनं गंगा! सरू म्हन, अन् चारा टाक."

लोक हसले. चेअरमन हसले नाहीत. पण हसणं थांबेना, तेव्हा त्यांनी मलाच सभासद केलं. मी सही केली. चौथीपर्यंत शिकले आहे, अंगठा देत नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी तालुक्याहून एक ताई आल्या. विधवा म्हणू नका, एकल महिला म्हणा, असं त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. बाया माना हलवत होत्या. आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"एकल कावून? दोगी हावोत की."

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. मला रडू आलं नाही. भाकरी करून ठेवली आणि धारेला बसले.

त्या दुष्काळातून आमच्या घरातल्या दोन बायका आणि एक गाय वाचली. त्यातली आता मीच उरले आहे.