रोहत-ओपाच्या मागच्या खोलीतला रिवाज

रोहत-ओपाला हळू बोलता येत नाही. तिची कुजबूजसुद्धा गल्लीच्या टोकाला नानवाल्याच्या तंदुरापर्यंत जाते, आणि तो तिथून उत्तर देतो. अर्धं आयुष्य तिने मागावर अतलस, म्हणजे रंगीत रेशमी कापड, विणलं. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच यायचं नाही. माग सुटला, आवाज तसाच राहिला. मग ती ताश्कंदला जाऊन नकली रेशमी पापण्या लावायला शिकून आली. "काम तेच गं, रेशमाचं. फक्त आता रेशमाखालचं माणूस बोलतं," असं म्हणते.

ओपा म्हणजे ताई. पण आमच्या मर्गिलानमध्ये तिच्या आईच्या वयाच्या बायकाही तिला ओपाच म्हणतात, कारण चिमटा तिच्या हातात असतो आणि डोळा यांचा. माझं शिवणकाम तिच्याच अंगणात चालतं. चहाला मी तिच्याकडेच असते, त्यामुळे जे सांगते ते डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

तिचा एकच कायदा आहे. बाई दारात आली की पहिला प्रश्न, "लेन्स आहेत का? काढ. आधी हात धू, मग काढ." पापण्यांच्या गोंदाची वाफ लेन्समध्ये जाऊन बसते आणि डोळ्याचा टोमॅटो होतो. काम झाल्यावर लेन्स लगेच घालायच्या नाहीत, रात्री घालायच्या. घालता-काढताना पापण्या ओढायच्या नाहीत, तेलकट मलम तर जवळपासही आणायचं नाही. एकदा एका मास्तरीणबाईंनी लेन्स आहेत हे लपवलं आणि तशाच सुजल्या डोळ्यांनी भाच्याच्या लग्नाला गेल्या. अर्धं वऱ्हाड त्यांचं सांत्वन करून आलं. कोण गेलं, हे विचारायचं धाडस मात्र कुणालाच झालं नाही.

तर गेल्या लग्नसराईत नफोसत नावाची नवरी आली. लग्न दुसऱ्या दिवशी. बरोबर होणारी नणंद, मशहुरा. ही मशहुरा म्हणजे कपाळावरच्या आठ्यांसकट जन्माला आलेली बाई. तिच्या आईने चष्मा दिसला म्हणून दोन मुली नाकारल्या होत्या. "आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही," हे ती आई गावभर सांगत फिरायची. तिसऱ्या वेळी मध्यस्थ बाईने नफोसतचं वर्णन केलं ते असं, की ही पोरगी चंद्रावर बसलेली माशी ओळखते.

"लेन्स आहेत का?" ओपा गरजली.

नफोसतने नणंदेकडे पाहिलं. "नाही, ओपा."

ओपाने तिला पलंगावर निजवलं, दिवा जवळ ओढला, आणि तिचा चिमटा हवेतच थांबला. बुबुळाभोवती लेन्सची कड चकाकत होती. मलाही दिसली. ओपा आता ओरडणार, नानवाला ऐकणार, संध्याकाळपर्यंत सासूला कळणार आणि या पोरीचं लग्न मोडणार. हळू सांगणं तर ओपाच्या हातातच नव्हतं.

ओपा लालबुंद झाली. आलेलं बोलणं तिने गिळलं. इतकं मोठं बोलणं तिने आयुष्यात कधी गिळलं नव्हतं, त्यामुळे तिला ठसका लागला. मग ती म्हणाली, "ऊठ. रिवाज राहिला."

"कसला रिवाज?" मशहुराने विचारलं.

"कोकंद शहराचा! पापण्यांआधी नवरीने एकटीने मागच्या खोलीत जायचं. साबणाने हात धुवायचे. मग डोळ्यांवरचा सगळा भार उतरवायचा. खिडकीत नव्या डब्या आहेत, औषधाची बाटली आहे. सगळा भार, कळलं का गं? का तुमच्याकडे करत नाहीत हे?"

आता आमच्या गावात बाई एकवेळ वय सांगेल, पण एखादा रिवाज माहीत नाही असं सांगणार नाही. मशहुरा ताठ झाली. "न करायला काय झालं? आमच्याकडे तर दोनदा करतात."

नफोसत हुशार. गेली, आणि भार उतरवून भिंत चाचपत आली. खुंटीवर ओपाच्या नवऱ्याचा झगा होता, वर त्याची टोपी. नफोसतने छातीवर हात ठेवून त्याला खाली वाकून सलाम केला. "अस्सलामु अलैकुम, काका. तब्येत बरी आहे ना?"

मी ओठ चावला. मशहुराचे मात्र डोळे भरून आले. "पाहिलंत? घरात नसलेल्या माणसाच्या कपड्यांनाही मान देते! काय वळण आहे!"

दुपारपर्यंत नवरीच्या पापण्या लागल्या. ती कोपऱ्यात चहाची वाटी धरून बसली. रात्रीपर्यंत लेन्स नाहीत, म्हणजे तोवर तिला सगळं जग धुक्यातच दिसणार होतं. मशहुरा घुटमळत उठली. "माझ्याही लावा. मी नवरी होते तेव्हा हा रिवाज नीट झालाच नाही. आधी मी पण जाऊन येते मागे."

"तुला कशाला?" ओपाच्या तोंडून निघून गेलं.

पण ती गेलीसुद्धा. नफोसतने हातातली वाटी खाली ठेवली. तिची लेन्सची भरलेली डबी तिथेच खिडकीत उघडी होती. ओपाने कपाळावर हात मारला. मी दुआ पुटपुटायला लागले.

दार उघडलं. मशहुरा बाहेर आली, दोन्ही हात पुढे करून, आणि थेट माझ्या मांडीवर बसली. "गादी मऊ आहे तुमची," म्हणाली. ओपाने तिला दंडाला धरून पलंगावर नेलं. एका पापणीपुरतं काम झालं.

"नफोसत," मिटल्या डोळ्यांनी मशहुराने हाक मारली. "किती नंबर?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. "उणे पाच, मशहुरा-ओपा."

"माझा साडेसहा. आईला अजून पत्ता नाही. उद्या सगळ्यांना सलाम करताना घुंघटातून लेन्स असूनही नीट दिसत नाही, मी तुझ्या शेजारी असेन. कोपराने ढोसलं की वाकायचं, सासू कुठे आहे ते शोधत बसायचं नाही. आणि घरात मोठा नंबर नणंदेचा, एवढं लक्षात ठेव."

नफोसत हसायला लागली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. पलंगावर मशहुराची हनुवटीही थरथरू लागली.

"खबरदार!" रोहत-ओपा दोन्ही हात पसरून ओरडली. तिचे स्वतःचे गाल भिजले होते. "गोंद ओला आहे अजून! रडायचं ते उद्या रडा, सबंध लग्न पडलंय!"