भांडण नसलेला घटस्फोट

जेवणाच्या सुट्टीनंतर कोर्टाचा शिपाई मला शोधत वकिलांच्या बाररूममध्ये आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या पार्टीले साहेबानं लवकर बोलावलं. साहेब जरा गरम हायेत." भंडाऱ्याच्या कोर्टात तेव्हा मी नवी होते. काय बिघडलं ते मला कळेना.

माझी पार्टी म्हणजे नवरा-बायको दोघंही. आसगावचा सदाशिव आणि त्याची बायको शेवंता. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मनं जुळली नाहीत. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी कोणी नाही. शेवंता वर्षाहून अधिक काळ पवनीला भावाकडे राहत होती.

आधी ते माझ्या सीनियरांकडे गेले होते. त्या काळी घटस्फोट म्हणजे एकानं दुसऱ्यावर आरोप करायचा आणि तो सिद्ध करायचा. सीनियरांनी सवयीनं अर्ज सांगायला घेतला: नवरा छळ करतो. शेवंतानं त्यांना तिथंच थांबवलं. "थे मारत नाहीत. मी खोटं काहून सांगू?" सदाशिवही तिच्यावर काही लिहून द्यायला तयार होईना. सीनियरांनी वैतागून फाइल माझ्याकडे सरकवली.

कायदा नुकताच बदलला होता. सेक्शन तेरा-बी. परस्पर संमतीनं घटस्फोट. वर्षभर वेगळं राहिलेल्या दोघांनी मिळून अर्ज करायचा. सहा महिने थांबायचं आणि पुन्हा येऊन सांगायचं, अजूनही हेच हवंय. आरोपाची गरज नाही. मधल्या काळात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना खूप समजावलं, शेवंताची आई तर दोन दिवस जेवली नाही. तरी दोघं ठाम राहिले. आज शेवटची तारीख होती.

जज्जसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं. आपल्या चेंबरच्या खिडकीतून त्यांनी हे दोघं आवारातल्या कडुनिंबाखाली एकाच डब्यातलं जेवताना पाहिले होते. बाई वाढत होती, बाप्या पोटभर जेवत होता. त्यांना वाटलं, एक तर यांचं जुळलंय, नाहीतर कोणाच्या तरी दबावानं हे सगळं चाललंय. अर्ज फेटाळला गेला असता, तर आरोपांचा जुना रस्ताच उरला असता.

"एकत्र जेवता, मग घटस्फोट कशाला?" साहेबांनी विचारलं.

शेवंतानं पदर सावरला. "साहेब, हे पहाटंच घरून निघाले. यायनं डबा नाही आणला. मी भात अन् लाखोरीची डाळ आणली होती. उपाशी ठेवाले थोडीच फारकत घेऊन राहिलो आमी?"

साहेब सदाशिवकडे वळले. तो म्हणाला, "बाई चांगली हाये, साहेब. पण आमचं सोबत जमत नाही. जबरदस्ती कोनाचीच नाही."

साहेबांनी दोघांना वेगवेगळं चेंबरमध्ये बोलावून पुन्हा तेच विचारलं. उत्तरं तीच मिळाली. मला विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "कायद्यानं वेगळं राहायला सांगितलंय, साहेब. वैर धरायला नाही." साहेब हसले आणि संध्याकाळपर्यंत घटस्फोटाची डिक्री झाली.

पुढे सदाशिवनं दुसरं लग्न केलं. शेवंता बालवाडीवर लागली आणि तिचंही लग्न झालं. दोन्ही लग्नांची आमंत्रणं मला आली, दोन्हीकडे मी जेवून आले.

सीनियर मात्र बरेच दिवस कुरकुरत होते, की असल्या केसमध्ये वकिलानं बोलायचं तरी काय. फारसं काही नाही. पक्षकार खरं बोलत असला, की वकिलानं गप्प बसायला शिकावं.