आलापल्लीत उडालेला राजा

आलापल्लीचा सागवान पाहायचं मनात असेल तर जरूर जा. मी पन्नासच्या दशकात गेले, पण सागवान धड पाहिला नाही. मी बुद्धिबळ खेळायला गेले होते.

जंगल बघायला परदेशी पाहुणे आले होते. त्यांतल्या दोघी बायकांना बुद्धिबळाचा नाद, म्हणून आमच्या चांद्याच्या क्लबाला निरोप आला : दोन बायका पाठवा. क्लबात तर बायकांनी पटाला हात लावायचा नाही! सेक्रेटरी म्हणाले, "जिंकलात तर दर रविवारी पट तुमचा. हरलात तर पुन्हा विषय नको." मी तयारच होते. दुसरी द्वारकाबाई, आमच्या दारी मासळी विकणारी ढिवरीण. टोपली खाली ठेवून ती मला उभ्या उभ्या मात द्यायची.

आष्टीपर्यंत मोटार, मग वैनगंगेवर नाव. नावाडी रेंगाळायला लागला तसं द्वारकाबाईनं वल्हंच हिसकावलं. उतरताना त्यानं भाडं मागितलं नाही. पुढे लाकडाचा ट्रक. कंबर घरी ठेवून जाता आली तर बरं.

रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात दोन पट मांडले. रेंजरसाहेब पंच आणि दुभाषेही. मी तासाभरात हरले, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. आता द्वारकाबाई हरली की आमचे रविवार गेले.

तिच्या पाहुणीनं पहिलंच प्यादं दोन घरं सरकवलं होतं; आमच्या देशी खेळात ते एकेकच घर चालतं. "लय घाई आहे बापा!" एवढंच द्वारकाबाई म्हणाली. मग पाहुणीनं राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवले. द्वारकाबाईनं डोळे मोठे केले, पण बोलली नाही. शेवटी पुढच्या खेळीला स्वतःवर मात दिसायला लागली, तेव्हा द्वारकाबाईनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

पाहुणी ताडकन उठली. रेंजरसाहेब म्हणाले, "बाई, राजा असा उडत नाही."

"आमच्याइथी शह लागाच्या आधी एकडाव उडते, साहेब. त्या बाईचा राजा हत्तीले घेऊन पयाला, तवा मी काई म्हटलं का? आता माह्या राजाले काऊन अडवता?"

साहेबांनी भाषांतर केलं. पाहुणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि खाली बसली. थोड्याच वेळात तिच्यावर मात झाली. तिनं मिठी मारली तशी द्वारकाबाई अंग चोरून म्हणाली, "मासोळीचा वास येईन, बाई."

चांद्याला परतलो. सेक्रेटरींनी बराच विचार केला. "बरोबरी झाली, म्हणजे एक रविवार आड पट तुमचा."

द्वारकाबाईनं मान डोलावली. आमच्या रविवारी ती खेळायची. पुरुषांच्या रविवारी टोपली घेऊन पटाशेजारी उभी राहायची आणि त्यांच्या चुका मोठ्यानं सांगायची. महिन्याभरात सगळे रविवार आमचे झाले.