बंद दारांचा पॅसेज

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की आमची मांजर आठवते. नायगावच्या चाळीत ती दिवसभर गॅलरीतून घरोघर हिंडायची. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही विसाव्या मजल्यावर आलो आणि ती पडेल म्हणून मी सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या. एका दुपारी आईने बोंबील भाजले आणि चाळीतल्या सवयीने दार सताड उघडं टाकलं. मांजर दिसेना, तसा मी घाबरून धावलो. ती पॅसेजमध्येच होती, एकेका बंद दारापुढे बसून ओरडत. आत सगळे आमचे चाळीतलेच शेजारी, पण एकही दार उघडलं नाही. "घे तिला आत," आई म्हणाली, "जाणार कुठे ती?" आता मांजर नाही. काल आई म्हणाली, "मला जरा पॅसेजमध्ये खुर्ची टाकून दे."